दोन मिनिटांचा निरोप्या

आजच्या विषयाचा आरंभ एका साध्या प्रयोगानें करूं. एखाद्या निरोगी माणसाला ठराविक ग्लुकोज पाण्यांत विरघळवून पाजावें आणि त्याच्या रक्तांतील साखर किती वाढते, तें टिपून ठेवावें. पुढें एके दिवशीं त्याच माणसाच्या शिरेंतून ग्लुकोज अशा बेतानें सोडावें कीं, रक्तांतील साखर पहिल्या वेळेइतकीच चढेल. दोन्ही वेळां रक्तांतील साखर सारखी. तेव्हां ती आवरण्यासाठीं स्वादुपिंडानें सोडलेलें इन्शुलिनही सारखेंच असेल, असा आपला तर्क होईल. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. तोंडावाटे घेतलेल्या साखरेच्या वेळीं कितीतरी अधिक इन्शुलिन स्रवतें. अन्नमार्गांत दिलेली साखर आणि शिरेंत दिलेली साखर यांमधील हा भेद १९६४ सालीं लंडनमध्यें मॅकिन्टायर, होल्ड्सवर्थ व टर्नर या तिघांनीं, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत एल्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिला.

याचा अर्थ उघड आहे. स्वादुपिंड केवळ रक्तांतील साखर पाहून कामाला लागत नाहीं. साखर आंतड्यांत उतरतांच आंतडें त्यास वर्दी देतें कीं, पाहुणे येत आहेत, तयारीला लागा. ही वर्दी नेणारा निरोप्या कोण, तो किती काळ जगतो, त्यास वाटेंतच गांठून निरुपयोगी कोण करतो, आणि हें कळल्यामुळें आपल्या घरांतील मधुमेही माणसाला काय लाभ झाला, हें आज सांगावयाचें आहे. या कथेंतील कांहीं पानें लंडन, बोस्टन, कोपनहेगन येथें लिहिलीं गेलीं. परंतु दोन-तीन पानें मुलुंड आणि अंधेरी येथेंही लिहिलीं गेलीं आहेत.

शरीरांत एका इंद्रियाकडून दुसऱ्या इंद्रियाकडे रक्तावाटे निरोप जातात, ही कल्पना १९०२ सालची. लंडनमध्यें बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शरीरशास्त्रज्ञांनीं आंतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू तोडून टाकले. तरी त्यांत आम्ल घालतांच स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागला. तंतूंचा मार्ग बंद, तेव्हां निरोप रक्तांतूनच गेला असला पाहिजे. त्या द्रव्यास त्यांनीं सीक्रेटिन म्हटलें, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा सर्व द्रव्यांस 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मराठींत आपण त्यास संप्रेरक म्हणतों. आंतड्यांतून निघून इन्शुलिन वाढविणाऱ्या संप्रेरकांस 'इन्क्रेटिन' हें नांव १९३० च्या सुमारास बेल्जियममधील ला बार या संशोधकानें दिलें होतें. नांव आधीं आलें. वस्तु हातीं लागण्यास चाळीस वर्षें लागलीं.

बहुतेक पाचकमार्गीय संप्रेरकें हीं पेप्टाइड जातीचीं असतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. कोणता मणी कोणाच्या शेजारीं ओंवला आहे, यावर त्या माळेचा सर्व गुण अवलंबून. या प्रकारचें पहिलें इन्क्रेटिन कॅनडांत जॉन ब्राऊन यांनीं १९७० च्या सुमारास शुद्ध केलें. तें ४२ मण्यांचें आहे आणि त्यास जी. आय. पी. म्हणतात. दुसऱ्याचा शोध अधिक विलक्षण रीतीनें लागला. १९८० नंतरच्या वर्षांत ग्लुकागॉन नांवाच्या संप्रेरकाचें जनुक शास्त्रज्ञांनीं अक्षरशः वाचून काढलें. ग्लुकागॉन हें इन्शुलिनच्या उलट काम करणारें, रक्तांतील साखर चढविणारें. परंतु त्याच जनुकांत आणखी दोन पेप्टाइडांचा मजकूर लिहिलेला आढळला. त्यांतील पहिल्यास 'ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड एक', म्हणजेच इंग्रजी आद्याक्षरांनीं जी. एल. पी. वन, असें नांव मिळालें. बोस्टनमध्यें स्वेतलाना मोइसोव्ह व जोएल हॅबनर यांनीं, आणि कोपनहेगनमध्यें येन्स यूल होल्स्ट यांच्या गटानें, १९८७ पर्यंत सिद्ध केलें कीं, याच माळेचा ३० मण्यांचा एक तुकडा इन्शुलिनचा पाझर जोरानें वाढवितो.

येथें निसर्गाची काटकसर पाहण्यासारखी आहे. जनुकावरून प्रथम १६० मण्यांची एक लांब माळ तयार होते. ती स्वादुपिंडाच्या पेशींत एका प्रकारें कातरली कीं, तिच्यांतून साखर चढविणारें ग्लुकागॉन निघतें. तीच माळ आंतड्याच्या पेशींत दुसऱ्या प्रकारें कातरली कीं, साखर उतरविणारें जी. एल. पी. वन निघतें. कापड एकच, कात्री कोणाच्या हातीं आहे, यावर अंगरखा किंवा टोपी ठरते. या कात्र्या म्हणजे एन्झाइमें. शास्त्रीय मराठींत त्यांस विकरें म्हणतात. स्वतः न खपतां रासायनिक काम घडवून आणणारीं हीं प्रथिनें होत.

कातरून झाल्यावर माळेची शेपटी बांधण्याचें काम आणखी एक विकर करतें. त्याचें नांव लांबलचक आहे, म्हणून शास्त्रज्ञ त्यास 'पॅम' या आद्याक्षरांनीं ओळखतात. हें कार्य १९८२ सालीं ब्रॅडबरी, फिनी व स्मिथ यांनीं डुकराच्या मस्तिष्कग्रंथींत दाखविलें. माळेच्या टोंकाला ग्लायसीन नांवाचा मणी असला, तर हें विकर त्याचा बहुतेक भाग काढून टाकतें आणि मागें केवळ त्याचा नत्राणु, म्हणजे नायट्रोजन, गांठीसारखा ठेवतें. या कामासाठीं त्यास तांबें लागतें आणि आवळ्या-लिंबांत असणारें क जीवनसत्त्व लागतें. मनुष्याच्या पांचव्या गुणसूत्रावर त्याचें जनुक आहे. शरीरांतील अनेक पेप्टाइड संप्रेरकांना ही गांठ बसल्यावांचून पूर्ण सामर्थ्य येत नाहीं. आपल्या जी. एल. पी. वनची बहुतांश माळही अशीच गांठ मारून रक्तांत सोडली जाते.

आतां हा निरोप्या स्वादुपिंडापर्यंत पोहोंचला, असें समजूं. इन्शुलिन करणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठीं एक ग्राहक असतो. निरोप्या त्यास चिकटतांच पेशीच्या आंत चक्रीय ए. एम. पी. नांवाचें द्रव्य वाढतें, आणि तें इन्शुलिनचीं भांडारें उघडण्यास मदत करतें. हें आंतलें द्रव्य निरोप्यावांचून वाढवितां येतें काय? या प्रश्नाच्या अभ्यासासाठीं जगांतील प्रयोगशाळा आजही जें द्रव्य वापरतात, तें फॉर्स्कोलिन होय. आणि फॉर्स्कोलिनच्या शोधाचें एक प्रमुख घर आपल्या मुलुंडला होतें. तेथें जर्मनीच्या होक्स्ट कंपनीचें संशोधनकेंद्र १९७२ पासून चालूं होतें. तेथील नोएल डिसोझा, भट, बाजवा व डोर्नाउअर या शास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून मिळालेल्या या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमर म्हणून ज्या मुळांचें लोणचें घालतात, तींच हीं मुळें. तें द्रव्य चक्रीय ए. एम. पी. तयार करणाऱ्या यंत्रणेला थेट चालना देतें, हें अमेरिकेंत १९८१ सालीं सिद्ध झालें. त्यामुळें मधुमेहाचें औषध मिळालें नाहीं; परंतु पेशीच्या आंत निरोप कसा पोहोंचतो, हें उकलण्याची एक किल्ली सर्व जगाला मिळाली.

असो. जी. एल. पी. वन सांपडल्यावर वैद्यांना मोठी आशा वाटली. या निरोप्याचा एक गुण फार मोलाचा आहे: रक्तांत साखर अधिक असेल तरच तो इन्शुलिन वाढवितो, साखर उतरली कीं, त्याचा जोरही उतरतो. म्हणजे साखर एकाएकी खालीं जाऊन घाम फुटणें, हातपाय कांपणें, भोवळ येणें, हें भय त्यांत फार थोडें. शिवाय तो ग्लुकागॉनला आवर घालतो, जठर हळूहळू रिकामें करवितो आणि मेंदूला तृप्तीची जाणीव देतो. असें द्रव्य हातीं आल्यावर तें टोंचून द्यावें, एवढेंच उरलें होतें. पण टोंचून पाहिलें तों दिसून आलें कीं, रक्तांत त्याचें अर्धें प्रमाण एक-दोन मिनिटांतच नाहींसें होतें. ज्याचें आयुष्य दोन मिनिटांचें, तें औषध म्हणून द्यावयाचें कसें?

या अकाली मृत्यूचें कारण एक जुनें, दुर्लक्षित विकर निघालें. १९६६ सालीं फिनलंडचे हॉप्सु-हाव्हू आणि अमेरिकेचे ग्लेनर यांनीं उंदराच्या यकृतांत एक विकर पाहिलें होतें. पुढें त्याचें नांव 'डायपेप्टिडिल पेप्टिडेज चार', संक्षेपानें डी. पी. पी. फोर, असें रूढ झालें. तें माळेच्या आरंभीचे नेमके दोन मणी कातरतें. मात्र दुसरा मणी प्रोलीन किंवा अॅलॅनीन असावा लागतो. १९९३ सालीं जर्मनींत मेंटलाइन, गॅलविट्झ व श्मिट यांनीं दाखविलें कीं, जी. एल. पी. वन आणि जी. आय. पी. हीं दोन्ही या नियमांत अचूक बसतात. पहिल्याचा आरंभ हिस्टिडीन-अॅलॅनीन असा, दुसऱ्याचा टायरोसीन-अॅलॅनीन असा. दोन मणी गेले कीं, ३० मण्यांचे २८ उरतात. माळ जवळजवळ पूर्ण दिसते, पण ग्राहकाला जागें करण्याचें तिचें सामर्थ्य संपलेलें असतें. पत्रांतील इतर सर्व मजकूर राहावा आणि आरंभींचा मायनाच फाटून जावा, तसा हा प्रकार. जिवंत शरीरांतही हेंच घडतें, हें १९९५ सालीं कॅरोलिन डीकन, होल्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं, तसेंच कॅनडांतील कीफर, मॅकिन्टॉश व पेडरसन यांनीं दाखवून दिलें.

हें विकर राहतें कोठें? आंतड्याच्या अस्तरांत, मूत्रपिंडांत, यकृतांत, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आंतल्या पदरावर आणि रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर. त्याचें एक टोंक पेशीच्या आवरणांत खुंटीसारखें रोंवलेलें असतें आणि कातरणारें अंग बाहेर असतें. कांहीं विकर सुटें होऊन रक्तांतही फिरतें. आंतड्यांतून निघालेल्या निरोप्यांपैकीं मोठा भाग तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या ओलांडण्यापूर्वींच कातरला जातो.

या विकराचें जनुक मनुष्याच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. सुमारें ८० हजार अक्षरांच्या पट्ट्यांत त्याचा मजकूर सलग नसून २६ तुकड्यांत विखुरलेला आहे. ते तुकडे जुळवून पेशी ७६६ अमिनो आम्लांचें प्रथिन घडविते, आणि अशीं दोन प्रथिनें एकमेकांना जोडून उभीं राहिलीं म्हणजे कात्री कामाला लागते. २००३ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें तिचें चित्र मिळालें. प्रथिनाच्या पोटांत एक पोकळी आहे. माळेचें टोंक तेथें शिरतें, आणि ६३० व्या जागीं असलेलें सेरीन नांवाचें अमिनो आम्ल पात्याचें काम करतें.

येथें श्रोत्यांच्या मनांत शंका येईल: उपयोगी निरोप्याला मारणारें हें विकर शरीरानें पोसलेंच कशाला? पण निरोप हा निरोपच राहावा, यासाठीं तो वेळेवर थांबणेंही अवश्य असतें. घड्याळाची घंटा वाजून थांबली नाहीं, तर किती वाजले हें कळणार नाहीं. जेवण संपून दोन तास झाले तरी 'जेवण आलें' हीच वर्दी रक्तांत घुमत राहिली, तर तिचा अर्थ काय? शिवाय या विकराला दुसरींही कामें आहेत. प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे त्यास सी. डी. सव्वीस या नांवानें ओळखत होते. दोघेही एकाच प्रथिनाविषयीं बोलत आहेत, हें मागाहून ध्यानांत आलें. २०१२ सालीं सौदी अरेबियांत मर्स नांवाच्या घातक फुप्फुसरोगाचा विषाणु आढळला. तो मनुष्याच्या पेशींत शिरतांना याच प्रथिनाला कडी म्हणून पकडतो, असें २०१३ सालीं रॉटरडॅमच्या संशोधकांनीं दाखविलें. म्हणून या विकरास खलपुरुष ठरविणें योग्य नव्हे. प्रश्न एवढाच होता कीं, मधुमेही माणसांत त्यास थोडें आवरलें, तर चालेल काय?

याचें उत्तर प्रथम उंदरांनीं दिलें. २००० सालीं असे उंदीर तयार करण्यांत आले कीं, ज्यांचें हें जनुक निकामी केलेलें होतें. ते जगले, वाढले, त्यांना पिलें झालीं. आणि साखर पाजल्यावर ती आवरण्याचें त्यांचें सामर्थ्य इतर उंदरांहून सरस ठरलें. मग विकराच्या पोकळींत घट्ट बसून पात्याची वाट अडविणारे लहान रेणु बनविण्यांत आले. ही औषधांची जात 'ग्लिप्टिन' या प्रत्ययानें ओळखली जाते. सिटाग्लिप्टिनला अमेरिकेंत ऑक्टोबर २००६ मध्यें मान्यता मिळाली. व्हिल्डाग्लिप्टिन, सॅक्साग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन हीं तिचीं भावंडें. यांत बाहेरून संप्रेरक दिलें जात नाहीं. आपल्याच आंतड्यानें पाठविलेला निरोप्या थोडा अधिक काळ जगतो, इतकेंच.

दुसरा मार्ग म्हणजे निरोप्यालाच असें चिलखत घालावें कीं, कात्री चालणार नाहीं. याची सूचना एका विषारी सरड्याकडून मिळाली. अमेरिकेंतील वाळवंटी प्रदेशांतल्या हिला मॉन्स्टर नांवाच्या सरड्याच्या लाळेंत जॉन एंग यांना १९९२ सालीं एक पेप्टाइड सांपडलें. तें आपल्या निरोप्यासारखेंच वागतें. परंतु त्याचा दुसरा मणी ग्लायसीन असल्यानें विकर त्यास ओळखत नाहीं. त्यावरून बनलेलें एक्सेनाटाइड २००५ सालीं मान्य झालें. पुढें सेमाग्लुटाइड आलें. त्यांत दुसऱ्या मण्याच्या जागीं कृत्रिम मणी आहे, आणि माळेला जोडलेल्या मेदाम्लामुळें तें रक्तांतील प्रथिनाला धरून राहतें. परिणामीं त्याचें अर्धें प्रमाण उतरण्यास सुमारें आठवडा लागतो. दोन मिनिटांचा निरोप्या आठवड्याचा झाला! २०२५ सालीं हिंदुस्थानांत मौंजारो आणि वेगोव्ही या टोंचण्यांचा गवगवा झाला, त्यांच्या मुळाशीं हाच एक मणी बदलण्याची युक्ति आहे.

आतां अंधेरीकडे वळूं. औषध सांपडणें आणि तें घरीं पोहोंचणें, यांमध्यें एक तिसरी गोष्ट असते. ती म्हणजे किंमत. सिटाग्लिप्टिन आपल्याकडे २००८ सालीं मूळ अमेरिकन कंपनीनें आणलें. गोळीची किंमत सुमारें ४३ रुपये होती. म्हणजे दररोज एक गोळी धरल्यास महिन्याला तेराशें रुपयांच्या घरांत खर्च. अंधेरीच्या पूर्वेस चकाला येथें मुख्य कचेरी असलेल्या ग्लेनमार्क कंपनीनें २०१३ सालीं तेंच औषध फॉस्फेट क्षाराच्या रूपांत सुमारें तीस टक्के कमी किंमतीस बाजारांत आणलें. ग्रेशियस सल्डाना यांनीं १९७७ सालीं स्थापिलेली ही मुंबईची कंपनी. मूळ कंपनीनें पेटंटभंगाचा दावा दिल्लीच्या उच्च न्यायालयांत लावला. अंधेरीच्या कंपनीचें म्हणणें असें कीं, पेटंट मूळ रेणूचें आहे. आम्ही विकतों तो त्याचा क्षार आहे. पहिल्या न्यायाधीशांनीं २०१३ सालीं तात्पुरती मनाई देण्यास नकार दिला. द्विसदस्य पीठानें मार्च २०१५ मध्यें मनाई दिली. आणि ७ ऑक्टोबर २०१५ रोजीं पूर्ण सुनावणीअंतीं न्यायालयानें पेटंटाचा भंग झाला असा निर्णय देऊन कायमची मनाई केली. शोध करणाऱ्यास ठराविक मुदतीचा हक्क असावा, ही बाजू कायद्यानें येथें उचलून धरली.

परंतु त्याच वर्षीं, निकालापूर्वींच, अंधेरीकरांनीं दुसरा मार्ग धरला होता. जपानमध्यें २०१२ सालीं मान्य झालेलें टेनेलिग्लिप्टिन त्यांनीं २०१५ सालीं सुमारें वीस रुपये गोळी या दरानें येथें आणलें. लवकरच इतर अनेक कंपन्या त्यांत उतरल्या आणि दर आणखी खालीं आला. डिसेंबर २०१९ मध्यें व्हिल्डाग्लिप्टिनच्या पेटंटाची मुदत सरली, जुलै २०२२ मध्यें सिटाग्लिप्टिनच्या. सप्टेंबर २०२२ मध्यें जन औषधी केंद्रांतून सिटाग्लिप्टिनच्या १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या १०० रुपयांस व ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांस मिळूं लागल्या. तेराशें रुपयांचा महिना तीनशेंवर आला. पेन्शनवर चालणाऱ्या, बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरांत या फरकाचा अर्थ काय होतो, हें मी सांगावयास नको. पूर्वीं गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वांचविणारा रोगी आतां ती रोज घेऊं शकतो.

मात्र स्वस्त झालें म्हणून तें सर्वांस योग्य झालें, असें नव्हे. या औषधांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, निरोप्या कितीही काळ जगला, तरी निरोप ऐकणारें स्वादुपिंड शाबूत असावें लागतें. ज्या मधुमेहांत इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, त्या पहिल्या प्रकारांत ग्लिप्टिन निरुपयोगी. तेथें इन्शुलिनच हवें. दुसऱ्या प्रकारांतही आंतड्याच्या वर्दीला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो, हें १९८६ सालीं नाउक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलेलें आहे. त्यामुळें या गोळ्यांचा परिणाम सौम्यच असतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारें एचबीए-वन-सी साधारणतः अर्ध्या ते पाऊण टक्क्यानें उतरतें. दुसरी गोष्ट, सर्व भावंडांचा स्वभाव एकसारखा नसतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १४,६७१ रुग्णांवरील प्रयोगांत सिटाग्लिप्टिननें हृदयविकार वाढविला नाहीं, तसा कमीही केला नाहीं. परंतु २०१३ च्या, १६,४९२ रुग्णांवरील प्रयोगांत सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांपैकीं ३.५ टक्के रुग्णांस हृदयाच्या दुर्बलतेमुळें इस्पितळांत जावें लागलें. न घेणाऱ्यांत हें प्रमाण २.८ टक्के होतें. आपल्याकडे घरोघर पोहोंचलेल्या टेनेलिग्लिप्टिनवर एवढ्या मोठ्या प्रमाणाचे हृदयविषयक प्रयोग झालेले नाहींत. मूत्रपिंड अधू असल्यास बहुतेक ग्लिप्टिनांची मात्रा बदलावी लागते. लिनाग्लिप्टिन मुख्यतः पित्तावाटे जात असल्यानें त्यास हा नियम लागूं नाहीं. स्वादुपिंडास पूर्वीं सूज आलेली असेल, तर तें डॉक्टरांस आधीं सांगितलें पाहिजे. शेजाऱ्याला लागूं पडलेली गोळी आपण होऊन सुरू करूं नये, याचें कारण या तपशिलांत आहे.

हें सर्व आपल्याच लोकांना इतकें कां लागूं व्हावें? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें देशांत १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यानें या प्रश्नावर मोठा प्रकाश पाडला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचें ३.५ किलो, परंतु आपल्या बालकांत घट झाली होती ती मुख्यतः स्नायूंची आणि उदरांतील अवयवांची, मेद मात्र तुलनेनें टिकून होता. दिसण्यास सडपातळ आणि आंतून मेदयुक्त, अशी ही घडण. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनीं शेजारीं शेजारीं उभे राहून काढलेलें छायाचित्र प्रसिद्ध झालें. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा. शरीरांतील मेद मात्र इंग्रज मित्राचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के. आरशांत स्थूल दिसत नाहीं, म्हणून आपल्याला धोका नाहीं, असा हिशेब आपल्या लोकांना लागूं पडत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरांतील औषधाच्या डबींत ग्लिप्टिन नांवाची गोळी असेल, तर ती काय करते हें आतां आपण जाणतां. ती इन्शुलिन नव्हे, साखर जाळणारें द्रव्यही नव्हे. दुसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकानें घडविलेली कात्री ती दिवसभर अडवून धरते, आणि जेवणाबरोबर निघालेल्या निरोप्याला स्वादुपिंडापर्यंत चालून जाण्यास अवधि देते. निरोप किती मोठा असावा, हें मात्र ताटांत काय आहे व किती आहे यावर ठरतें. आणि तो ऐकण्याची स्वादुपिंडाची शक्ति किती वर्षें टिकेल, हें पुष्कळ अंशीं रोगाचें निदान किती लवकर झालें यावर. तिशी उलटलेल्या प्रत्येकानें, विशेषतः ज्याच्या आईवडिलांपैकीं कोणास हा विकार आहे त्यानें, आणि गरोदरपणीं जिची साखर वाढली होती अशा प्रत्येक स्त्रीनें, वर्षांतून एकदां उपाशीपोटीं आणि जेवणानंतर रक्त तपासून घ्यावें. त्या तपासणीचा खर्च एका महिन्याच्या गोळ्यांहून अधिक होत नाहीं.